सात वेढ्यांची स्टिक

हॉकी स्टिकच्या मुठीवर पट्टीचे सात वेढे होते आणि सातही डावीकडे वळत गेलेले. ताईने ते काचेबाहेरून मोजले. धाकटी बहीण तर पट्टी नेहमी उजवीकडे गुंडाळते. म्हणजे कॉलेजच्या दारातल्या कपाटात ‘आमच्या ऑलिंपिक खेळाडूची पहिली स्टिक’ म्हणून मिरवणारी ही स्टिक धाकटीची नव्हतीच. ताईची होती. आईने माळ्यावरून चुकीची काढून दिली होती.

सांगावं, असं ताईच्या मनात आलं. पण मग कुणीतरी विचारणारच, तू खेळायचीस? का सोडलंस? प्रशिक्षक सरांनी चार वर्षं एकच धोशा लावला होता: मी निवृत्त होतोय, मुलींचा संघ तू घे. ताई गुडघ्याचं कारण पुढे करून ‘बघू’ म्हणायची आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या आपल्या नोकरीवर जाऊन तराजू पुसत बसायची. आज सरांचा शेवटचा सामना होता. नवा प्रशिक्षक मिळाला नाही तर संघ बंद होणार होता.

ताई मैदानाच्या पायऱ्यांवर पहिल्या रांगेत जाऊन बसली.

सत्कारमूर्तीने आपल्या जुन्या स्टिकने पहिला फटका मारायचा, अशी कॉलेजची रीत. धाकटी गळ्यात पदक घालून, कपाटातली ती स्टिक घेऊन मैदानात उतरली, तेव्हा टाळ्यांनी कान दणाणले. तिने ऐटीत स्टिक फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. गवताचं ढेकूळ मात्र उडून प्राचार्यांच्या बुटावर बसलं.

हशा पिकला.

स्टिक धाकटीच्या मापापेक्षा चार सेंटिमीटर लांब होती. ताईला ते आकड्यानिशी ठाऊक होतं. तिने डोळे मिटून घेतले.

“ताई!” धाकटीने माइकच हिसकावला. “अगं, ही तुझी आहे! ये खाली, लपू नकोस!”

“तुझा सत्कार आहे ना?” ताई पहिल्या रांगेतून पुटपुटली.

“सत्कार राहू दे, आधी माझी अब्रू वाचव!”

ताई प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटातच खाली उतरली. मूठ हातात बसली, जणू कालच ठेवली होती. खट्! चेंडू सरळ जाऊन गोलच्या फळीवर आदळला.

“गुडघा कसा आहे?” सरांनी साळसूदपणे विचारलं.

“दुखतोय.”

“शिकवायला गुडघा लागत नाही, जीभ लागते,” धाकटी म्हणाली. “तिची जीभ धडधाकट आहे, सर. मी लहानपणापासून ऐकतेय.”

संघाची कप्तान तो फटका मारून बघत होती. बोलता बोलता ताईने तिचा डावा हात दोन बोटं वर सरकवला. पोरीने पुन्हा स्टिक फिरवली आणि चेंडू सणसणत गेला. ती हसली. ताईही हसली.

मग तिने सरांपुढे तळहात पसरला.

“शिट्टी द्या, सर. सोमवारपासून संघ मी घेते.”