चौऱ्याण्णव मिलीमीटर

दुपारी तीनला खालच्या वर्कशॉपमधून फोन आला. ओतीव तुकडा वाया गेला होता. दोन भोकांमधलं अंतर बारा मिलीमीटरनं कमी भरलं. असा तुकडा एकच होता, तो ओतून यायला सहा आठवडे लागले होते, आणि भोकं पाडणारे माझे बाबा होते.

"मिलीमीटरबाई, ड्रॉइंग तुमचंच ना?" शेजारच्या टेबलावरचा म्हणाला. "बाबांना साहेबांनी चारला बोलावलंय. राजीनामा लिहून घेणार म्हणे."

मी फाइल उघडली. एका कागदावर तीन चित्रं होती: समोरून, वरून आणि मधोमध कापून. तिन्ही निम्म्या आकारात. कोपऱ्यात तसं लिहिलंही होतं, १:२. पहिली दोन बरोबर निघाली. तिसऱ्याच्या चौकटीवर क्लिक केलं तर प्रमाण दिसलं, १:२.१३.

एक टीप सरकवायला मी त्या चौकटीत शिरले होते. आत असताना माउसचं चाक जरा जरी फिरलं तरी चित्र लहानमोठं होतं, म्हणून चौकट आधी लॉक करायची असते. दोन केल्या होत्या, तिसरी राहिली. यात मापांचे आकडे बदलत नाहीत, नुसत्या रेषा आक्रसतात. तपासणाऱ्यालाही कळलं नाही.

आणि नेमका भोकांमधल्या अंतराचा आकडा मी टाकायलाच विसरले होते.

कागदावरून माप घेऊ नये, असं प्रत्येक ड्रॉइंगच्या तळाशी छापलेलं असतं. पण खाली आकडा सापडला नाही की सगळे पट्टीच लावतात. बाबांनीही लावली असणार. चौऱ्याण्णव, दुप्पट एकशे अठ्ठ्याऐंशी. खरं अंतर दोनशे.

चारला वीस मिनिटं होती. प्रमाण सुधारून आकडा टाकायला एक मिनिटही लागलं नसतं. मग बाबांनी जुनाच कागद वापरला, असं सहज ठरलं असतं. हात माउसवर होता. तो मी उचलला, ड्रॉइंग होतं तसंच छापलं आणि तीन जिने धावत उतरले.

बाबा साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसले होते.

"बाबा, चूक माझी आहे."

"हळू बोल. कळलंय मला. पट्टी समोरच्या चित्रावर बरोबर बसते, याच्यावर नाही. मी आधी समोरचंच ताडून बघितलं, आणि तिथेच फसलो."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"माझी दोन वर्षं राहिलीत, तुझी तीस. गणित तुला जास्त येतं."

"मी आत येणार."

"गप वर जा. दोघंही घरी बसलो तर आईला काय सांगायचं?"

दार उघडलं. मी त्यांच्या मागोमाग आत घुसले, त्यांच्या खिशातली पट्टी काढली आणि कागदासकट टेबलावर ठेवली.

"मोजा, साहेब."

साहेबांनी मोजलं. कोपऱ्यात बघितलं. पुन्हा मोजलं.

"चौऱ्याण्णव. म्हणजे हे एकास दोन नाही."

"नाही. चौकट मी लॉक केली नव्हती. आकडाही मीच विसरले. बाबांचा यात काही दोष नाही."

साहेब बाबांकडे वळले. "दोष कसा नाही? आकडा नव्हता तर पट्टी कशाला लावलीत? वर जाऊन विचारायला काय झालं होतं?"

माझ्याकडे बाबांनी चुकूनही बघितलं नाही.

साहेबांनी ड्रॉवर उघडला. एक कोरा कागद टेबलावर आधीच होता. त्याच्याशेजारी त्यांनी दुसरा ठेवला.

"मग दोघांचेही लागतील," ते म्हणाले.

साडेचारला आम्ही फाटकाबाहेर पडलो. बाबांनी चालता चालता विचारलं,

"किती होतं गं खरं?"

"दोनशे."

"तरीच. एकशे अठ्ठ्याऐंशी मनाला पटतच नव्हतं."

साहेबांचा प्रश्न मी त्यांना पुन्हा विचारला नाही. मागच्या महिन्यात ते असंच एक माप विचारायला धापा टाकत वर आले होते. आकडा ड्रॉइंगवर होता. "बाबा, नीट वाचत जा ना, सारखं काय वर येता?" असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि टेबलाटेबलांवरून हसू फुटलं होतं. त्यानंतर ते कधी तो जिना चढले नाहीत.