पिंपामागचे मोड

आमचं घरचं सोयाबीनचं बियाणं तेलाच्या गिरणीत गेलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. काहीही गेलेलं नाही. पोती आतल्या खोलीत आहेत आणि बाबा त्यांच्याभोवती फेऱ्या मारताहेत.

संशय मामावर आहे. सोयाबीनची साल इतकी पातळ, की पोतं आपटलं तर दाणा वरून ठणठणीत दिसतो आणि आतून मेलेला असतो. पोती मामाने वाहिली होती. म्हणून पेरणीआधी बाबांनी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडले, गुंडाळी केली आणि मोरीतल्या पिंपामागे ठेवली. मोड आले तर पेरायचं, नाहीतर गिरणी.

आज जेवणाआधी त्यांनी गुंडाळी सोडली. दाणे शंभरच्या शंभर. मोड एकालाही नाही.

"मेहुणे," ताटावर बसत बाबा म्हणाले, "खांद्यावरून टाकलीत की कमरेवरून?"

"दाजी, तान्ह्या बाळासारखी उतरवली हो!"

"तुम्ही बाळं कशी उतरवता ते बघितलंय."

सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

"आता या बियाण्याचं तेल होईल," बाबा पुढे म्हणाले, "पेंड होईल, दूध होईल, साबणसुद्धा होईल. सोयाबीन तेवढं होणार नाही. भाजी वाढ गं."

आईने वाढली. बाबांनी दोनदा घेतली.

"मोड झकास आलेत. कुठून आणलेस?"

"आणायचे कशाला? पिंपामागे तुम्हीच भिजत घातले होते ना? मोड आलेले सगळे आज सकाळीच वेचून घेतले. जागा ओकीबोकी दिसायला नको म्हणून पोत्यातले दुसरे मांडून ठेवले."

मामाने हात जोडले. एका हातात घास होता. बाबा चावायचे थांबले. मला वाटलं, सुटला मामा.

"वा! भावाला वाचवायला काय गोष्ट रचलीस!"

"अहो, तुमच्या तोंडात आहे ती गोष्ट!"

"तोंडातल्याला मोड आहेत. मग ते आपलं कसं असेल? आपल्याला तर मोडच येत नाहीत."

मी साक्ष द्यायला तोंड उघडलं.

"तू गप रे. तू त्यांचाच भाचा."

आणि त्यांनी डाव्या हाताने गिरणीवाल्याला फोन लावला.

सबब, पुरावे पचल्यामुळे सोबत जोडता येत नसले, तरी माननीय वडिलांनी उगवणीची टक्केवारी ठरवताना कुटुंबीयांच्या पोटातील मोड ग्राह्य धरावेत, आणि पोटांची प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत मामांना निर्दोष समजण्यात यावे, ही नम्र विनंती.