तीन तास उपाशी

“परत चहा पिऊन आलात?” जेलची बाटली टेबलावर आपटत सिस्टर म्हणाली.

“चहा म्हणजे काय खाणं झालं का ताई?”

“आणि मिशीत बिस्किटाचा चुरा आहे, तो आभाळातून पडला?”

ही तिसरी खेप. बरगडीवर टकटक करून लिव्हर किती कडक झालंय ते सांगणारं तिचं मशीन. ना सुई, ना टाका. त्याची अट एकच, तीन तास पोटात काही नको, कारण भरल्या पोटी आकडा फुगतो. अकरा वर्षं सांगून सांगून ती विटली होती, पण पालथ्या घड्यावर पाणी! त्यात हा पंप मेकॅनिक म्हणजे कहर. हिपॅटायटीस बी अंगात मुरलेला, थोरला भाऊ त्याच दुखण्यानं गेलेला, आकडा कळल्याशिवाय डॉक्टर औषध ठरवेनात, आणि ही स्वारी दरवेळी खाऊन हजर, म्हणून मागचे दोन्ही आकडे बाद.

“आज सोडणार नाही. बसा त्या स्टुलावर, माझ्या डोळ्यांसमोर. साडेबाराला घेते.”

स्टूल डुगडुगत होतं. त्यानं खिशातून पाना काढून ते घट्ट केलं आणि खाली बघतच म्हणाला, “खरं सांगू ताई? मी मुद्दाम खातो.”

“काय?”

“खाल्लेलं असलं, की मोठा आकडा बिस्किटाच्या नावावर खपवता येतो. उपाशीपोटी आला, तर तो माझाच की.”

तिला संताप आला. भाऊ डोळ्यांदेखत गेला, तरी हा शहाणा स्वतःलाच फसवत बसला होता!

साडेबाराला तो उजवा हात डोक्यामागे घेऊन आडवा झाला. टक, टक, दहा वेळा. पडद्यावर एकवीस आले. तेराच्या पुढे गेलं की डॉक्टर चष्मा काढून बोलतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं मान वळवून आकडा पाहिला.

अकरा वर्षांत तिनं कुणाला चहाचा घोटही माफ केला नव्हता. आज तिच्याच तोंडून निघून गेलं, “चहा दुधाचा होता ना? राहतो कधीकधी पोटात. परवा परत काढू.”

जेल पुसून तो उठला. सदऱ्याची बटणं सावकाश लावली.

“नको ताई. तीन तास पुरे झालेत, घड्याळ मीच बघत होतो. लिहा.”

तिनं आकडा लिहिला. शेजारी ‘उपाशी आहे का?’ असा रकाना होता. तिथं तिसऱ्या खेपेला तिनं ‘हो’ लिहिलं.