किती देवाची?

दहावीत गेल्यापासून अंजूला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. आणि बऱ्यापैकी येतही होतं! म्हणून तर रोहण्याजवळच्या गोंड वस्तीनं तिला मोबाइलवर आवाज भरायला सिंदी मेघेहून बोलावलं. समाजमंदिरात ‘आठवणघर’ होणार होतं. मोहफुलं वेचताना ज्यांनी जंगलखात्याच्या खाकीवाल्यांचा मार खाल्ला, त्यांचे बोल त्यांच्याच आवाजात तिथं ठेवायचे होते. सगळ्यांचे झाले, उरली एकटी रामबाई. तिच्या नवऱ्याला चोर म्हणून बांधून नेलं होतं. त्या मारातून तो उठलाच नाही. मागे उरलं ते ‘चोराची बायको’ हे नाव. आता ती बोलली नाही, तर तेच राहणार होतं.

अंजूनं मोबाइल पुढे धरला. “आजी, नाव, वय, गाव सांगा.”

रामबाईनं पदर पुढे ओढला आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.

वस्तीतल्या ज्योत्स्नाताईनं अंजूला अंगणात ओढलं. “तेही असंच इचारत होते वं! नाव, वय, गाव. अन् मंग काठी. मोठी आली हुशार!”

अंजूचे कान तापले. मग तिला आठवलं, घरी पाहुणा आला की बाबा आधी त्याचं कूळ किती देवांचं ते विचारतात. आपणही गोंड, हे शाळेत तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. पोरी हसल्या असत्या. ती आत गेली, मोबाइल बाजूला ठेवून चुलीपाशी उकिडवी बसली.

“आजी, मी सहा देवाची. तुमी किती देवाच्या?”

रामबाईनं वळून पाहिलं. “सात.” सारख्या देवांची कुळं म्हणजे भावकी; सहा आणि सात मात्र एकमेकांचे सोयरे.

“मंग त आपली सोयरीक जमते!”

“जमते त!” रामबाई खुदकन हसली. “माह्या नातवाले करशीन का? लय आयशी हाय पन, दिसभर लोयते, सांगून ठेवतो.”

“नाई बाप्पा! मले शिकाचं हाय.”

“शिकजो. पयले चहा घे. अन् लाव तुहा मोबाइल.”

मग ती बोलली. पायाखाली तुडवलेली टोपली, नवऱ्याच्याच दोरीनं बांधलेले त्याचे हात, सगळं. चहा गार झाला. शेवटी ती ताठ बसली.

“आता आयक. नाव रामबाई. गाव हेच.” नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं. त्यांच्यात बायका घेत नाहीत. “मालकाचं नाव टिकाराम. चोर नोता तो.”

रविवारी आठवणघर उघडलं आणि ते नाव भोंग्यातून अख्ख्या वस्तीवर घुमलं. रामबाई दारातच ठाण मांडून बसली होती. येईल त्याला विचारत होती, “किती देवाचा रे तू?” आणि अंजूकडे बोट दाखवून सांगत होती, “हे माही सोयरी हाय. दहावीत हाय!”