सात टाक्यांची साक्ष

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी अडगळ नाही. मला अडगळ म्हणणाऱ्यांची या गावात कमतरता नाही. पण माझं अंग फाटलंय, जीभ नाही. मी ऐकून घेणारा नव्हे.

नळदुर्गच्या अलीकडे एका खेड्यात लहानसं चर्च आहे. तिथल्या रविवारच्या शाळेसाठी यशवंत मास्तरांनी मला घडवलं. दोन वार मांजरपाट घेतलं, खळ लावून ताठ केलं, समुद्राला कपड्यांची नीळ दिली आणि डोंगरांना गेरू. येशूच्या देशातली यार्देन नदी मास्तरांनी कधी पाहिली नव्हती. म्हणून त्यांनी ती आपल्या बोरी नदीच्या मापाने काढली. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं.

पवित्र शास्त्रातल्या प्रत्येक गावाखाली मास्तरांनी त्या नावाचा अर्थ लिहिला. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जिथं जैतुनाची फळं पिळून तेल काढत, त्याच जागी येशूने कासावीस होऊन प्रार्थना केली. करडईचा घाणा पाहिलेल्या पोरांना हे दोनदा सांगावं लागत नसे. भाकरीच्या घरावर तर इतकी बोटं फिरली, की तिथं आता भोक पडलंय. ते भोक मी अभिमानाने मिरवतो.

आणि खाली, अगदी वाळवंटाच्या कडेला, बैर-शेबा. सातांची विहीर. अब्राहामाने खणलेली विहीर तिथल्या राजाच्या चाकरांनी बळकावली, तेव्हा त्याने राजाला सात कोकरं दिली आणि म्हणाला, ही विहीर मी खणली याची ही साक्ष. दोघांनी तिथंच शपथ घेतली.

ज्या वर्षी चर्चच्या आवारात विहीर खणली, त्या वर्षी खाली काळा खडक लागला. गावातली माणसं हात टेकून बसली. तेव्हा मेंढरं घेऊन आलेला बिराप्पा धनगर आपल्या भावांसह खाली उतरला. सात दिवस त्यांनी खडक फोडला आणि पाणी लागलं. मास्तरांनी त्याला माझ्यासमोर बसवून बैर-शेबाची गोष्ट सांगितली. बिराप्पा हसून म्हणाला, "मास्तर, तुमचा अब्राहाम आमच्यातलाच म्हणायचा की. मग आमची बी साक्ष राहू द्या." त्याला लिहिता येत नव्हतं. त्याने घोंगडी शिवायचा दाभण काढला, काळी लोकर ओवली आणि माझ्या अंगावर, बैर-शेबाशेजारी, सात टाके घातले. दुखलं मला, खोटं का बोलू? त्याखाली मास्तरांनी बारीक अक्षरात चार शब्द लिहिले आणि सही केली.

वर्षं गेली. मास्तर गेले, बिराप्पा गेला. मास्तरांचे चिरंजीव हिंमतराव चर्चच्या पंचांचे अध्यक्ष झाले. माणूस वाईट नाही, पण टापटिपीचं वेड भारी. आवारात फरशी आली, भिंतीवर टीव्ही आला, आणि मी गुंडाळून कपाटामागे गेलो. "त्या लोकरीला कसर लागलीय, रविवारी जाळून टाका," असं त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. मी मनात म्हटलं, जाळ बाबा, पण आधी वाच तरी.

मागच्या शुक्रवारी बिराप्पाची सून धुरपताबाई मेंढरं घेऊन आली. दरवर्षी सुगी झाली की ती येते. या वेळी विहिरीला जाळी होती आणि जाळीला कुलूप. उन्हाचा तडाखा होता. कोकरं जाळीला तोंड लावून ओरडत होती.

"हिंमतअण्णा, तुमच्या वडलांनी आमच्या मामंजींना शब्द दिला व्हता," ती म्हणाली. "फुडं दोन कोस पाणी न्हाय. ही लहान पिल्लं तिथवर जायची न्हाईत."

"मला तसं काय बोलले न्हाईत नाना," हिंमतराव म्हणाले. "फरशी सगळी घाण होती. लिहून दिल्याला कागद हाय का?"

"कागद कुठला, अण्णा? आमाला लिवता येत व्हतं व्हय?"

रविवारची शाळा घेणाऱ्या कमलबाई दारात उभ्या होत्या. त्या मास्तरांच्याच विद्यार्थिनी. त्या आत गेल्या, मला कपाटामागून ओढून काढलं आणि विहिरीच्या कठड्यावर उलगडलं. किती दिवसांनी ऊन लागलं मला.

"कागद न्हाय, हिंमतराव, कापड हाय," कमलबाई म्हणाल्या. "टाके मोजा, आन खालचं वाचा."

हिंमतरावांनी चष्मा लावला. टाक्यांवरून बोट फिरवलं. सात भरले. मग खाली वाकून ते वाचू लागले. "बिराप्पाच्या मेंढरांना पाणी कायम. यशवंत." त्यांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी आवाज न करता. कपाटामागे जाण्याआधी कित्येक वर्षं मी त्यांच्या डोळ्यांसमोर होतो, आणि बापाचं अक्षर त्यांनी आज पाहिलं.

"नानांचंच हाय," ते म्हणाले. खिशातून किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं. "धुरपताबाई, कोकरं आधी घ्या. फरशी धुता येती."

आता मी पुन्हा भिंतीवर आहे, टीव्हीच्या शेजारी. त्याच्यावर तीच गावं रंगीत दिसतात. दिसू देत, माझं भांडण नाही. पण मित्रांनो, जुनी वस्तू टाकायला उचलाल, तेव्हा तिच्यावर कोणी काय लिहून ठेवलंय तेवढं वाचा. माझंही कापड विरत चाललंय, एक दिवस मलाही खाली उतरवाल. उतरवा. मात्र त्या आधी माझ्यासमोर उभे राहा, सात टाके मोठ्याने मोजा, आणि विहिरीला कुलूप नाही ना, ते बघून या.