शकुनबाईंनी बळकावलेला पिढा

मित्रांनो, मी सिहोऱ्याच्या बालवाडीतला एक जुना पिढा आहे. वीतभर उंच, अस्सल सागाचा. आता पाय डुगडुगतात, पण राग काही गेला नाही. बाबूलाल सुतारानं १९७८ साली मला घडवलं ते कुणाला बसायला नव्हे, लहान मुलांना उभं राहायला!

बालवाडीच्या सुलोचनाबाईंनी मला पाण्याच्या माठाशी ठेवलं. अडीच-तीन वर्षांची मुलं माझ्यावर चढायची, ओगराळ्यानं पाणी काढून प्यायची. अर्धं सांडायची. बाई शेजारी उभ्या असायच्या, पण हात लावायच्या नाहीत. त्यातलीच सेवंता पहिल्यांदा चढली तेव्हा तिनं एका हातानं माठाचा काठ धरला होता. पाणी पिऊन झाल्यावर ती ओरडली, "माह्या हातानं!" तिची आई धानाच्या रोवणीला जायची. पोरगी तहानलेली राहायची नाही, म्हणून आईच्याही जिवाचा घोर मिटला.

मग सुलोचनाबाईंची बदली झाली आणि शकुनबाई आल्या. "बाप्पा! हे पोट्टे सारा सारवण खराब करतेत. मी कितीकदा सारवू?" असं म्हणून त्यांनी मला ओढलं आणि खुशाल माझ्यावर बसल्या. वर्षभर! मुलांनी हाताची घडी घालायची आणि बाई पाजतील तेव्हाच प्यायचं. एका दुपारी सेवंता "पाणी, पाणी" करत रडून झोपी गेली. बाई माझ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी मनात म्हटलं, थांब, तुला बघतोच!

एक दिवस तपासणीला साहेब आले. साहेब खुर्चीवर टेकले, बाई माझ्यावर.

"मुलं आपल्या हातानं पाणी घेतात ना?"

"होजी, रोजच!" धडधडीत खोटं!

साहेबांनी नेमकं सेवंतालाच सांगितलं, "जा, पिऊन ये बरं." ती माठाशी गेली. टाचा उंचावल्या, तरी हात पोचेना. तशी ती वळली आणि बाईंपुढे येऊन उभी राहिली.

"उठ व बाई. पिढा दे."

बाईंचं तोंड उतरलं. त्या उठायला गेल्या, तर माझा वर आलेला खिळा त्यांच्या नव्या लुगड्यात अडकला. सोडता आलं असतं मला, पण नाही सोडलं. चर्र! काय गार वाटलं म्हणून सांगू!

सेवंतानं मला फरफटत नेलं, चढली, पोटभर प्याली आणि उरलेलं पाणी ताज्या सारवणावर सांडलं. "हा पिढा आता माठापासून हलवायचा नाही," साहेब म्हणाले.

मित्रांनो, मला पश्चात्ताप वगैरे झालेला नाही. लहानांना त्यांचं त्यांना करू द्या. जवळ उभे राहा, हात मागे ठेवा. आणि त्यांची जागा बळकावून बसणारच असाल, तर उठताना जरा जपून उठा.