शेवटच्या गोळीचे तुकडे

आर्लेन टोर्विकला झोप लागत नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा. बायको गेल्यापासून तो छताकडे बघत पडायचा आणि उजाडायच्या आत उठून शाळेची पिवळी बस काढायचा. ती बस म्हणजेच त्याचा उरलेला संसार. तिचं इंजिन मी बघतो. सीटखाली चिकटवलेलं च्युइंगमसुद्धा त्यानं कधी राहू दिलं नाही.

त्याची मेव्हणी व्हर्ना एक दिवस गॅरेजमध्ये आली आणि त्याच्या हातात डबी कोंबली. आत जेलीच्या लाल गोळ्या, झाकणावर हसरं अस्वल.

"हे काय गं?"

"झोपेसाठी. हेम्पचं आहे."

"म्हणजे गांजाच ना?"

"गांजा कसला? दोरखंड करतात त्याचे. ड्वेनच्या पेट्रोलपंपावरच्या दुकानात मिळतं, दुधाच्या शेजारी. पाद्रीबाईसुद्धा घेतात."

"नको, राहू दे."

"घे रे."

"खरंच नको."

"घे म्हणते ना."

घेतली. आमच्या मिनेसोटात दोनदा नको म्हणणं हा सभ्यपणा. तिसऱ्यांदा म्हणालात तर समोरच्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं.

दोरखंडाचं खरं आहे. पण झाड गांजाच्याच घरातलं. राजधानीचा असो की गल्लीचा, कायदा भोळा नसतो, त्याला भोळा करून ठेवलेला असतो. आमचा कायदा नशा मोजतो ती मालाच्या वजनाच्या मानानं. मग कारखानदार काय करतो? साखर ओततो. गोळी जड झाली की तीच नशा कायद्यात बसते. हत्तीवर बसवलेला चोर हत्तीच्या मानानं बारीकच दिसणार.

मी ड्वेनला विचारलं, "यात असतं किती?"

"डबीवर लिहिलंय."

"आणि डबीवर कोणी लिहिलं?"

"डबीवाल्यानं. तुला तेल भरायचंय की माझी उलटतपासणी घ्यायचीय?"

आर्लेन मात्र झोपायला लागला. गालांवर रंग आला, मुलांना हाक मारताना आवाजात गोडवा आला. मग डबी संपत आली आणि आमचा गावठी मूर्खपणा आडवा आला. आमच्याकडे ताटातला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. चर्चच्या जेवणात शेवटची वडी उरली की एक जण अर्धी कापून घेतो, दुसरा उरलेल्यातली अर्धी, तिसरा त्यातली. शेवटी नखाएवढा चुरा राहतो आणि तो भांड्यांबरोबर धुतला जातो. आर्लेन घरात एकटा, तरी उरलेल्या गोळ्या सुरीनं चिरायला बसला. अर्धी आज, अर्धी उद्या, मग पाव, मग पावाची पाव.

"अरे, कोणासाठी ठेवतोस?" मी विचारलं.

"संपवून टाकली तर हावरटासारखं वाटतं."

हा नशिला पदार्थ दारूसारखा सकाळपर्यंत उतरून जात नाही. तो अंगातल्या चरबीत मुरतो आणि रोज थोडा थोडा घातला की मुरतच राहतो. एखाद्या उधळ्यानं डबी कधीच संपवली असती आणि एव्हाना त्याचं अंग स्वच्छ झालं असतं. आर्लेन काटकसर करत राहिला.

बसवाल्यांची लघवी अधूनमधून न सांगता तपासतात. आर्लेन शिट्टी वाजवत गेला. लघवीनं सांगितलं, गांजा.

शाळेच्या साहेबांनी आम्हा दोघांना बसवून कॉफी दिली. आमच्याकडे माणसाला काढून टाकतानासुद्धा कॉफी देतात.

"साहेब, ते कायदेशीर आहे. दुकानात मिळतं," आर्लेन म्हणाला.

"आहेच ना कायदेशीर. विकायला, घ्यायला, खायला. फक्त बसवाल्याच्या लघवीत चालत नाही."

"मग तसं डबीवर लिहायला नको?"

साहेबांनी खांदे उडवले. अस्वलाला एवढं मोठं हसवल्यावर जागा उरते कुठे? आणि हे साहेब दर शुक्रवारी ड्वेनच्या दुकानात दुधाशेजारच्या कुठल्या कपाटापुढे उभे असतात, ते मी पाहिलेलं आहे. पण साहेब बस चालवत नाहीत, नुसती शाळा चालवतात. तिथे लघवी तपासत नाहीत.

बस परत हवी तर एकच वाट होती. व्यसनमुक्ती केंद्रात जायचं, तिथल्या लोकांचं समाधान करायचं, मग बघू.

मी त्याला माझ्या गाडीतून नेलं. वाटेत तो म्हणाला, "मी व्यसनी नाही रे."

"माहितीये."

"मग तिथे जाऊन खोटं बोलू?"

"बस हवी का नको?"



केंद्रातली पोरगी त्याच्या नातीच्या वयाची होती. तिनं विचारलं, "आर्लेन, काय घेत होतात तुम्ही?"

"स्ट्रॉबेरी."

ती हसली नाही. "व्यसन आहे असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही."

"इथे येणारे सगळे आधी हेच म्हणतात. नाकारणं हेच पहिलं लक्षण असतं. अजून तुमची तयारी झालेली दिसत नाही. असंच लिहू का?"

आर्लेननं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"मी व्यसनी आहे," तो म्हणाला. मुलांना पट्टा बांधायला सांगतो, त्याच आवाजात.

पोरीचा चेहरा खुलला. "बघा, किती हलकं वाटतं. खरं बोलणं हीच पहिली पायरी."

"बरं," आर्लेन म्हणाला, "आणि बस कितव्या पायरीवर?"